गाणाऱ्या यंत्राचे घर

वाचकहो, आमच्या तालुक्यातल्या एका शाळेवर संगीताचे एक गुरुजी होते. पाचवी ते सातवी मी त्यांच्या हाताखाली शिकलो. माझा गळा काही बरा नव्हता, म्हणून त्यांनी माझ्या हातात टाळ दिले. आणि गाण्याची जी काही समज मला आली, ती त्या टाळांवरच आली. गेल्या वर्षी गुरुजी वारले. दिवस झाल्यावर मी घरी भेटायला गेलो, तेव्हा काकूंनी मला माजघराच्या शेजारच्या खोलीत नेले. तिथे टेबलावर जुन्या लुगड्याने झाकलेला एक संगणक होता. वीस-बावीस वर्षांपूर्वीचा, डब्यासारख्या जाडजूड पडद्याचा. शेजारी एका बिस्किटाच्या डब्यात फ्लॉप्या, तबकड्या आणि काही सुटे तुकडे पडलेले होते.

काकू म्हणाल्या, "अरे, तू कॉलेजात शिकवतोस, तुला ठाऊक असेल. भंगारवाला दोनशे रुपये देतो म्हणतो. पैशांचं काही नाही रे. पण ह्यांची शंभरावर गाणी आत आहेत. याला एखादं चांगलं घर बघ."

निवृत्त झाल्यावर गुरुजींनी एक छंद धरला होता. आसपासच्या वाड्यावस्त्यांवर जाऊन ते म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या, भोंडल्याची गाणी, हळदीची गाणी ऐकत, घरी येऊन त्यांच्या चाली पेटीच्या पट्ट्यांसारख्या एका पाटीवर वाजवत, आणि संगणकातला संगीताचा प्रोग्रॅम त्या टिपून घेई. हे सारे त्या लुगड्याखाली झाकलेले होते.

मी इतिहासाचा माणूस. यंत्रातले मला फारसे कळत नाही. तेव्हा काकूंना लगेच उत्तर देता आले नाही. पण इतिहासाच्या माणसाची एक खोड असते. प्रश्न पडला की तो आधी विचारतो, पूर्वी कोणावर असा प्रसंग आला होता काय? आला होता. जुने गणकयंत्र आहे, त्याच्या पोटात गाणी आहेत, त्याला घर कुठले द्यावे, हा प्रश्न ऑस्ट्रेलियात १९५५ साली पडला आणि १९६४ साली पुन्हा पडला. तीच हकीकत आज तुम्हांला सांगावयाची आहे.

दुसरे महायुद्ध संपल्यावर सिडनी शहरातल्या सरकारी विज्ञानसंस्थेच्या प्रयोगशाळेत ट्रेव्हर पिअर्सी आणि मॅस्टन बिअर्ड या दोघांच्या पुढाकाराने एक गणकयंत्र बांधण्यात आले. १९४९ सालच्या नोव्हेंबरात त्याने पहिले गणित सोडवून दाखवले. आपल्या सूचना स्वतःच्या स्मृतीत साठवून त्याप्रमाणे चालणारी जी अगदी पहिली चार-पाच यंत्रे जगात झाली, त्यांत याची गणना होते. पुढे त्याचे नाव 'सिसिरॅक' पडले, म्हणून आपणही त्याला सिसिरॅकच म्हणू.

हे यंत्र दिसायला कसे होते? लोखंडी कपाटांची एक ओळ, वजन सुमारे सात टन. आत सुमारे दोन हजार काचेच्या नळ्या, म्हणजे पूर्वी आपल्या रेडिओत तापून लाल होत त्या जातीचे व्हॉल्व्ह. वीज लागे तीस किलोवॉट. शेतकरी बंधूंच्या भाषेत सांगायचे, तर पाच अश्वशक्तीचे आठ पंप एकदम चालावेत तेवढी. आणि एवढे करून त्याला सेकंदाला पाचशे ते हजार आज्ञाच काय त्या पाळता येत. आज तुमच्या खिशातला फोन तेवढ्या वेळात अब्जावधी आज्ञा पाळतो.

त्याची स्मरणशक्ती मोठी नवलाची होती. पाऱ्याने भरलेल्या लांब नळ्या होत्या. नळीच्या एका टोकाला ठोका द्यावा, त्याची ध्वनिलहर पाऱ्यातून दुसऱ्या टोकाला पोहोचावी, तिथे ती पकडून पुन्हा पहिल्या टोकाला आणून सोडावी. हे फिरणे चालू आहे तोवर यंत्राला आठवण आहे. वीज गेली की आठवणही गेली. बंधाऱ्याच्या कामावर माणसांची साखळी लावून मातीची घमेली हातोहात फिरवतात ना, तसे समजा. आपल्याला हवे ते घमेले समोर येईपर्यंत थांबायचे, आले की उचलायचे, आणि हुकले तर पुन्हा फेरीची वाट पाहायची. अशा ७६८ संख्या त्या पाऱ्यात मावत.

मग या यंत्राला गाणे कसे सुचले? त्याला एक कर्णा बसवलेला होता. गणित पुरे झाले किंवा कुठे अडले, की कर्ण्यातून आवाज काढून माणसाला सावध करायचे, एवढाच त्याचा उपयोग. कर्ण्याला विजेचा एक ठोका दिला की 'टक्' वाजते. असे ठोके पुरेशा वेगाने आणि अगदी सारख्या अंतराने दिले, की ते सुटे ऐकू न येता त्यांचा सूर होतो. जेफ हिल नावाचा एक गणिती तिथे प्रोग्रॅम लिहीत असे. घरात गाणेबजावणे असलेला, सुराचा पक्का. त्याने हे ठोके सुरात बांधायचे ठरवले.

हे वाटते तितके सोपे नव्हते. आपल्या पेटीवर मधल्या सप्तकातली काळी एक दाबली, तर हवा सेकंदाला सुमारे २७७ वेळा थरथरते. ज्या यंत्राला सेकंदाला फार तर हजार आज्ञा पाळता येतात, त्याच्या वाट्याला एका थरथरीमागे तीन-चारच आज्ञा येतात. त्यात पुन्हा पाऱ्यातले घमेले वेळेवर समोर यायला हवे. एक फेरी चुकली की सूर बेसूर. म्हणजे कोणती आज्ञा पाऱ्याच्या नळीत नेमकी कुठे ठेवायची, याचा हिशेब त्या माणसाला डोक्याने मांडावा लागला. १९५१ सालच्या ऑगस्टात सिडनीला गणकयंत्रांवरची परिषद भरली, तिथे सिसिरॅकने जमलेल्या मंडळींना 'कर्नल बोगी' या लष्करी कूचगीताची चाल वाजवून दाखवली.

आता या गोष्टीतली चुटपुट लावणारी बाब ऐका. ते वादन कोणी ध्वनिमुद्रित करून ठेवले नाही. गाणे वाजले, लोक हसले, टाळ्या झाल्या असतील. आणि आवाज हवेत विरून गेला.

पुढे १९५५ साल उजाडले. सिडनीच्या प्रयोगशाळेने आकाशातल्या रेडिओलहरी आणि ढगांचे शास्त्र या विषयांवर भर द्यायचे ठरवले. गणकयंत्र तिथे नकोसे झाले. ते मोडीत काढणे सहज शक्य होते. पण मेलबर्न विद्यापीठाने ते मागून घेतले. सात टनांचा तो संसार ट्रकवर चढवून सुमारे नऊशे किलोमीटर नेण्यात आला, पुन्हा जुळवण्यात आला, आणि १४ जून १९५६ रोजी तो नव्या घरी रीतसर कामाला लागला. 'सिसिरॅक' हे नावही त्याला इथेच मिळाले. सिडनीने ज्याला जुने ठरवले, त्याने मेलबर्नला सुमारे तीस हजार तास काम केले आणि सातशेहून अधिक प्रश्न हातावेगळे केले. शिक्षक मित्रहो, हा आकडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. एका घरी निरुपयोगी ठरलेली वस्तू दुसऱ्या घरी कर्ती होऊ शकते, फक्त योग्य घर गाठून द्यावे लागते.

मेलबर्नला गाणेही पुन्हा सुरू झाले. थॉमस चेरी हे तिथले गणिताचे प्राध्यापक. त्यांनी १९५७ साली संगीताचा एक नवा प्रोग्रॅम लिहिला. हिलला प्रत्येक चालीसाठी आज्ञांची जुळणी नव्याने करावी लागे. चेरींनी वाजवण्याची विद्या एका कागदी फितीवर ठेवली, आणि गाण्याचे स्वर दुसऱ्या फितीवर. इचलकरंजीकडच्या वाचकांनी मागावरचे भोके पाडलेले जॅकार्डचे पुठ्ठे पाहिले असतील. तशीच या फितींवर भोके असत. ज्याला स्वरलेखन वाचता येते, त्याने स्वरांची फीत तयार करावी, यंत्राला भरवावी, की यंत्राने वाजवावे. आमच्या गुरुजींच्या प्रोग्रॅमचा हा खापरपणजोबाच म्हणा ना!

२४ नोव्हेंबर १९६४ रोजी सिसिरॅक कायमचे बंद करण्यात आले. त्याच्या जोडीची बहुतेक यंत्रे तोवर भंगारात गेली होती. आपल्याकडेही मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली पूर्णत्वास गेलेले आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी ज्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले, ते स्वदेशी बनावटीचे गणकयंत्र काही वर्षेच कामात राहिले. नव्या यंत्राने जुन्याला बाजूला सारावे, ही रीतच आहे. पण मेलबर्नकरांनी सिसिरॅक मोडले नाही, संग्रहालयाला दान केले. तिथेही त्याला लगेच मानाची जागा मिळाली असे समजू नका. ते वर्षानुवर्षे कोठारात पडून होते. १९८० साली एका तंत्रशिक्षण संस्थेत मांडले गेले, १९९२ साली पुन्हा कोठारात आले, आणि २००० साली मेलबर्न संग्रहालयात लोकांसमोर उभे राहिले. आता ते त्याच शहरातल्या सायन्सवर्क्स या संग्रहालयात आहे. त्या पहिल्या पिढीतले, मूळ रूपात शाबूत राहिलेले सर्वांत जुने यंत्र म्हणून ते मानले जाते.

घर तर मिळाले. पण गाणे? ते यंत्र आज चालत नाही. ते चालवायचे तर मूळचे कितीतरी भाग बदलावे लागतील, आणि आगीचा धोका तो वेगळाच. म्हणून सांभाळणाऱ्यांनी ते न चालवण्याचे ठरवले, आणि ते योग्यच केले. मग गाणे परत कसे आले? विसाव्या शतकाच्या अखेरीस पॉल डॉर्नबुश या संगीतकाराने ते काम अंगावर घेतले. जपून ठेवलेल्या कागदी फिती होत्या. जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल आजच्या संगणकावर करणारा प्रोग्रॅम होता. आणि ज्यांनी ते यंत्र एके काळी हाताळले होते, अशी निवृत्त माणसे हयात होती. ठोका कसा होता, कर्णा कसा वाजे, हे त्यांना ठाऊक होते. यंत्र, फीत आणि जाणते माणूस या तिघांना एकत्र बसवून डॉर्नबुशने ते सूर पुन्हा उभे केले, आणि २००५ साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले.

याच्या अगदी उलट प्रकार इंग्लंडात घडला. मँचेस्टर विद्यापीठात १९५१ साली फेरांटी कंपनीचे गणकयंत्र आले. क्रिस्टोफर स्ट्रॅची हा हॅरो येथील शाळेचा शिक्षक, होय, शाळामास्तरच! त्याने त्या यंत्रासाठी एक लांबलचक प्रोग्रॅम लिहून आणला आणि अखेरीस यंत्राकडून इंग्लंडचे राष्ट्रगीत वाजवून सर्वांना चकित केले. त्याच वर्षी बीबीसी या नभोवाणीची मंडळी तिथे गेली आणि त्यांनी यंत्राच्या तीन चाली तबकडीवर मुद्रित केल्या: राष्ट्रगीत, मुलांचे एक बडबडगीत, आणि नाचाची एक धून. मधेच यंत्र अडखळते आणि बाया-माणसे खळखळून हसतात, तेही तबकडीवर उतरले. फ्रँक कूपर या तिथल्या तंत्रज्ञाने त्याची एक तबकडी मागून घेतली आणि जपून ठेवली.

पुढे ते यंत्र मोडीत निघाले. राहिली ती तबकडी. २०१६ साली न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातले जॅक कोपलँड आणि जेसन लाँग यांनी ती तपासली, तेव्हा आढळले की तबकडी चुकीच्या वेगाने फिरली होती, त्यामुळे सगळे स्वर खोटे झाले होते. ते यंत्र कोणते स्वर काढू शकत होते, याचे गणित करून त्यांनी वेग दुरुस्त केला आणि खरे स्वर ऐकवले.

पहिले कोण गायले, सिडनीचे की मँचेस्टरचे, यावर विद्वानांत वाद आहेत. तो वाद आपल्याला नको. आपण एवढेच पाहू की एका गावी यंत्र राहिले आणि आवाज गेला. दुसऱ्या गावी आवाज राहिला आणि यंत्र गेले. दोन्हीकडे जे परत मिळाले ते कोणीतरी एक साधी वस्तू टाकून न दिल्यामुळे मिळाले. एकीकडे भोकांची फीत, दुसरीकडे एक तबकडी. म्हणून जुन्या यंत्राचे 'चांगले घर' म्हणजे चार भिंती आणि वर छप्पर एवढेच नव्हे. जिथे यंत्र, त्याची विद्या आणि ती जाणणारे माणूस यांची ताटातूट होत नाही, ते चांगले घर.

हे मनाशी ठरल्यावर मी काकूंकडे परत गेलो. सोबत आमच्याच शाळेचा एक माजी विद्यार्थी होता, तालुक्याच्या बाजारात तो संगणक दुरुस्त करतो. मी बटण दाबायला हात पुढे केला, तो म्हणाला, "सर, थांबा. दोन पावसाळे बंद आहे हा." त्याने आधी झाकण काढले. आत धूळ, कोळिष्टके, आणि पालीची दोन अंडी! सगळे साफ केले, वीजपुरवठ्याचा भाग तपासला, आतली साठवणीची तबकडी बाहेर काढून तिची नक्कल दोन ठिकाणी करून घेतली, आणि मगच यंत्र चालू केले.

यंत्र चालू झाले, पण संगीताचा प्रोग्रॅम काही उघडेना. 'किल्ली नाही' असे सांगून बंद पडे. तेव्हा काकूंना आठवले, "मागच्या बाजूला एक तुकडा होता. मला वाटलं मोडलेला आहे, म्हणून डब्यात टाकला." बिस्किटाच्या डब्यातून अंगठ्याएवढा एक तुकडा निघाला. त्या काळी अशा प्रोग्रॅमची चोरी होऊ नये म्हणून कंपन्या ही किल्ली देत. ती यंत्राच्या पाठीमागच्या खाचेत बसवली तरच प्रोग्रॅम चाले. भंगारवाल्याकडे तो तुकडा गेला असता, तर शंभर गाण्यांना कायमचे कुलूप लागले असते.

गाणी त्या प्रोग्रॅमच्या खास लिपीत होती. ती आम्ही एकेक करून 'मिडी' नावाच्या सर्वमान्य लिपीत उतरवून घेतली. ही लिपी १९८३ साली निरनिराळ्या देशांतल्या वाद्यकंपन्यांनी मिळून ठरवली, आणि आजचे संगणकही ती वाचतात. तिच्यात आवाज नसतो. कोणती पट्टी, केव्हा दाबली, किती जोराने, केव्हा सोडली, एवढेच लिहिलेले असते. म्हणजे चेरींची कागदी फीतच ती!

पहिली ओवी लावली. काकू ऐकत होत्या. म्हणाल्या, "हे धावतंय. जात्यावर इतकं भरभर कुणी म्हणतं का? दळण सांडेल." आणि त्यांनी स्वतः ती ओवी म्हणून दाखवली, मधल्या मींडीसकट. ती मींड पेटीच्या पट्ट्यांत मावत नाही, म्हणून ती गुरुजींच्या टिपणात नव्हती. मला मँचेस्टरची तबकडी आठवली. आम्ही फोन पुढे ठेवला आणि काकूंचा आवाज मुद्रित केला. अकरा गाणी काही केल्या उघडली नाहीत. त्यांतल्या चार काकूंना येत होत्या. सात गेली. ज्या बायकांनी ती सांगितली, त्यांपैकी आज कोणी हयात नाही.

तो संगणक आता गुरुजींच्याच शाळेत, संगीताच्या खोलीत आहे. सोबत तो बिस्किटाचा डबा, किल्ली, आणि गुरुजींची वही. कोणते गाणे कोणत्या वाडीवर कोणाकडून घेतले, ते तीत लिहिलेले आहे. शनिवारी मुले त्यावर चाली ऐकतात, आणि महिन्यातून एकदा काकू येऊन वेग बरोबर आहे की नाही ते सांगतात.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्या शाळेच्या अडगळीतही असे एखादे यंत्र असेल. त्याला घर शोधण्याआधी आतले सर्व काही उतरवून घ्या, आणि एकाच ठिकाणी ठेवू नका. तबकड्या, किल्ल्या, वह्या यंत्रापासून वेगळ्या करू नका. ते वापरणारे माणूस हयात असेल, तर त्याला आधी गाठा. यंत्र थांबेल, माणूस थांबत नाही. दुसऱ्याला देताना आतले घरचे खासगी कागद पुसून द्या, आणि प्रोग्रॅम दुसऱ्याला देण्याची मुभा आहे का, तेही पाहा. एवढे करून यंत्र खरोखरच निकामी ठरले, तर ते उघड्यावर तारा जाळून तांबे काढणाऱ्यांच्या हाती देऊ नका. त्या धुराने पोरांच्या छातीचे नुकसान होते. अशा कचऱ्यासाठी केंद्र सरकारचे २०२२ सालचे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आहेत, आणि त्याप्रमाणे नोंदणी झालेल्या केंद्रांकडेच तो द्यावयाचा असतो.

दोनशे रुपये काही थोडे नाहीत. काकूंनाही ते उपयोगी पडले असते. पण त्या दिवशी त्यांनी भंगारवाल्याला "उद्या ये" म्हणून सांगितले, आणि तेवढ्या एका दिवसाच्या अवधीने शंभरावर गाणी वाचली. तुमच्या दारी तो आला, तर तुम्हीही एवढेच म्हणा: उद्या ये. आणि त्या एका दिवसात लुगडे बाजूला करून आत काय आहे ते पाहा.